मिगच्या पंखावरच्या रेघा

१४ जानेवारी २००६, शनिवार

विमान पार गुळगुळीत करून टाकलं त्यानं.

संक्रांतीची सुट्टी म्हणून घरी होते. तिळगूळ द्यायला आतल्या खोलीत गेले तर नयन पलंगावर टेकून बसलेला. मांडीवर जुना पेपर, बाजूला पाण्याची वाटी, हातात मिगचं प्लास्टिकचं मॉडेल. ओल्या पॉलिश पेपरनं घासत होता. वाटलं, जोड घासतोय. दोन अर्धे चिकटवले की मध्ये एक शीर राहते, ती घालवावी लागते — एवढं त्यानंच मला शिकवलंय. पण जोड केव्हाच गेला होता. तो पंख घासत होता. मग पोट. मग शेपूट. पत्र्याच्या सांध्यांच्या केसाएवढ्या रेघा, रिव्हेटचे ठिपके, झाकणांच्या कडा — काही म्हणता काही ठेवलं नाही. वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं झालंय.

"अरे, रेघा गेल्या की सगळ्या," मी म्हटलं.

"हं," म्हणाला. घासत राहिला.

लग्नानंतर वर्षभर मी बिनपगारी रजा काढून त्याच्यासोबत हवाई दलाच्या तळावर राहिले, तेव्हा दिल्लीच्या एका दुकानातून हे मॉडेल आणलं होतं. तो रोज उडवायचा तेच विमान, म्हणून तेच हवं. डबा मांडीवर घेऊन आला होता रेल्वेत, लहान मुलासारखा. मग माझी रजा संपली, मी यवतमाळला परत आले. आणि मागच्या ऑगस्टमध्ये खऱ्या विमानाच्या इंजिनात पक्षी गेला. नयन खुर्चीसकट बाहेर फेकला गेला. विमान ओसाड माळावर पडलं, कुणाला काही झालं नाही. त्याचे मणके दबले. ऑक्टोबरपासून इथं बाभुळगावात, आईवडिलांच्या घरी, आजारपणाच्या रजेवर. मीही माहेर सोडून इथं आले. रोज एसटीनं यवतमाळला ऑफिसला जाते-येते. पाठ बरी होतेय त्याची.

सासूबाई आत आल्या. त्याच्या पँटवर पांढरी पूड पाहून म्हणाल्या, "कापूस लागला वाटते. झटकून टाक ना बापू."

त्यानं झटकली.

२१ जानेवारी

आज बोलला. जेवताना — मीठ दे. नंतर — टॉवेल कुठाय. बाकी दिवस भिंतीकडे तोंड.

२९ जानेवारी, रविवार

शेजारच्या गावात पुन्हा एकानं फवारणीचं औषध घेतलं. ह्या हिवाळ्यात अशा बातम्या इतक्या येतात की ऑफिसात कुणी मान वर करत नाही. एसटीत मात्र बायका हळू आवाजात बोलतात. कोण, कुठला, मुलं केवढी.

दुपारी सासूबाई कोठीत गेल्या. फवाऱ्याशेजारी औषधाचे डबे असतात, ते एक-एक काढून पोत्यात घातले. मला हाक मारली — "इकडे ये, तोंड धर याचं." मी धरलं, त्यांनी सुतळी आवळली. पोतं शेजारच्या तांड्यावरच्या भावसिंगकडे पाठवलं, त्याच्या शेतातल्या खोपीत ठेवायला.

"उंदरं फार झाले घरात," त्या म्हणाल्या.

उंदीर औषधाच्या डब्याला कशाला जातील. पण मी मान हलवली. आम्ही दोघींनीही आतल्या खोलीकडे पाहिलं नाही.

नंतर त्यांनी नयनची दाढी करायची ब्लेडही मोरीतल्या फळीवरून उचलून स्वतःच्या ट्रंकेत ठेवली. "लागलं तर माग म्हणावं," म्हणाल्या.

५ फेब्रुवारी, रविवार

भाव चढेल म्हणून नानाजींनी — नयनच्या बाबांनी — कापूस विकला नाही अजून. पुढची खोली छतापर्यंत भरलीय. घरभर त्याची तूस उडते. केसांत, भाजीत, पाण्याच्या हंड्यावर. अंग खाजतं.

आज मी विमान उचललं. नयन झोपलेला होता, का तसा पडलेला होता, माहीत नाही.

मी अनुरेखक. पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर गिरवते. विमानातलं मला काही कळत नाही, पण रेघ कळते. डब्यात माहितीचा कागद निघाला, त्यावर विमानाची वरून, खालून, बाजूनं चित्रं. ती ट्रेसिंग पेपरवर काढून घेतली. मग कंपासपेटीतल्या डिव्हायडरचं एक टोक घेतलं, पंखावर पट्टी ठेवली, आणि ओढली.

पट्टी सरकली. सुई आडवी पळाली. पंखाच्या मधोमध एक ओरखडा, मांजरानं नख मारल्यासारखा.

घाबरून मागं पाहिलं. भिंतीकडेच तोंड होतं त्याचं.

९ फेब्रुवारी

ओरखडा बुजवायची युक्ती त्याचीच आहे. फेविक्विकचा थेंब, त्यावर टाल्कम पावडर, वाळला की घासायचा. तळावर असताना बघितलेलं. केलं. पण थेंब वाळायच्या आत त्यात कापसाची तूस पडली. पुन्हा घासला, पुन्हा थेंब. ह्या घरात एक थेंब स्वच्छ वाळणार नाही. शेवटी वाटी उपडी घातली त्यावर.

१५ फेब्रुवारी

ऑफिसात आमच्या खोलीत कॉम्प्युटर आला. साहेब म्हणाले, "भैरवीबाई, आता नकाशे यातच निघतील." कुणाला कशाचं, तर मला कशाचं. माझं लक्ष कपाटावरच्या लेबल उठवायच्या मशीनकडे होतं. तिची चिकट प्लास्टिकची पट्टी जाड असते, कड सरळ असते, आणि गोल भागावरही वळते. विमानाच्या पोटावर हीच चालेल. साहेबांना विचारून एक जुनं रीळ आणलं.

२६ फेब्रुवारी, रविवार

जमलं. पट्टी चिकटवायची, सुई अगदी हलकी टेकवायची, आणि एकदम जोर न लावता पुन्हा पुन्हा फिरवायची. पहिल्या फेरीत काही दिसत नाही. दुसरीत केस. मग हळूहळू खाच होते. दोन्ही काठांना प्लास्टिकची बारीक किनार उठते, ती पॉलिश पेपरनं फक्त पुसायची. मग जुन्या टूथब्रशनं खाच झाडायची. वरून शिसपेन्सिलीची पूड बोटानं चोळली की रेघ एकदम उठून दिसते. काळी, बारीक, सरळ.

उजव्या पंखावर एक सलग रेघ आली. कितीतरी वेळ बघत बसले. वीज गेलेलीच होती, खिडकीत उजेड होता.

नयन उठून परसात गेला. जाताना पंखाकडे बघितलं का? बघितलं असं वाटलं.

१२ मार्च, रविवार

बोलला!

मी पोटावरची गोल रेघ मारत होते, पंखाच्या मागं. कागदावरचं चित्र एवढं बारीक की नेमकी कुठं ते कळेना. अंदाजानं पट्टी लावली. मागून आवाज आला — "ती तिथं नाही."

मी हात तसाच धरून ठेवला. वळले नाही. वळले तर बोलणं थांबेल असं वाटलं.

"मग कुठं?"

"मागं. थोडी मागं घे. आणखी. — हं."

"इथं काय असतं?"

"तिथून मागचा सगळा भाग सुटतो. शेपटीसकट. इंजिन बाहेर काढायला."

बस. एवढंच. मग पुन्हा पडून राहिला. मी रेघ मारली. दोनदा चुकली, दोनदा बुजवावी लागली. पण आली शेवटी, पूर्ण गोल, जिथून निघाली तिथंच येऊन मिळाली.

रात्रीच्या भाकरी थापताना सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पिठाचा हात तोंडावर ठेवला. पीठ तसंच राहिलं गालाला.

२६ मार्च

आता रविवारी दुपारी तो माझ्याशेजारी बसतो. पाठीला उशी. मी रेघा मारते, तो सांगतो. हे रेडिओचं झाकण. हे तेल भरायचं. ह्यावर पाय द्यायचा नाही, पत्रा पातळ असतो. मी छोट्या लंबगोल झाकणांसाठी ऑफिसातली भोकांची साचपट्टी आणते, सोमवारी परत नेते. रिव्हेटच्या ठिपक्यांसाठी बाजारातल्या शिंप्याकडचं दातेरी चाक मिळालं, कापडावर खुणा उठवायचं. जुनं होतं, दिलं त्यानं. फिरवलं की ठिपक्यांची ओळ उमटते. नयन चक्क म्हणाला, "बढिया."

त्याचा आवाज विसरायला आले होते मी.

२ एप्रिल

आज सुई वळणावर अडली. त्यानं माझं मनगट धरलं, वळवलं, "असं." रेघ पूर्ण झाली. हात काढून घेतला.

मी उगाच आणखी एक रेघ चुकवली. मुद्दाम. ह्या वेळी त्यानं नुसतं तोंडानं सांगितलं.

९ एप्रिल

कापूस गेला एकदाचा. नानाजी ट्रॅक्टरसोबत यवतमाळच्या खरेदी केंद्रावर मुक्काम करून होते. रांग हलेना, उन्हात तिथंच जेवण, तिथंच झोप. आज आले. चेहरा करपलेला. किती भाव मिळाला कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढची खोली रिकामी झाली, तर घर आवाज करायला लागलंय. चालताना पावलं ऐकू येतात.

आम्ही दोघं खिडकीत बसलो होतो विमान घेऊन. नानाजी दारात थांबले.

"तिकडे लोकं गाडीखाली झोपून राह्यले," म्हणाले, "अन् तुम्ही दोघं खेळणं खेळून राह्यले."

नयननं मान खाली घातली. हातातली पट्टी खाली ठेवली. मला वाटलं, गेलं, आता पुन्हा भिंत.

सासूबाई चुलीपासून उठून आल्या. कधी नवऱ्यासमोर मोठ्यानं न बोलणारी बाई. म्हणाल्या, "खेळू द्या त्याले. तुमचा कापूस विकल्या गेला ना? झालं. आता त्याले खेळू द्या."

नानाजींनी चपला दारात काढल्या. मग आत आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, विमानाकडे पाहिलं.

"यात बसून तू काय पाहत होता रे?" त्यांनी विचारलं. "आपलं वावर दिसे का?"

"वावर तिकडे कुठं, बाबा," नयन म्हणाला. "सगळं सारखंच दिसते वरून."

३० एप्रिल

डाव्या पंखावर, टोकाजवळ, त्यानं एक चौकोन मारायला लावला. कोपरे गोल, भोवती जवळजवळ रिव्हेट. मारला. नंतर कागदावर शोधलं तर तिथं काहीच नाही. उजव्या पंखावरही नाही.

"हे कशाचं झाकण?"

"झाकण नाही, ठिगळ आहे. माझ्या विमानाला होतं. कुणाच्या हातून जॅक लागला होता, पत्रा कापून नवा बसवला."

म्हणजे इतके दिवस मी कुठल्या तरी मिगच्या रेघा मारतेय असं समजत होते. हे ते विमान आहे. जे पडलं ते. एक-एक झाकण त्याच्या लक्षात आहे. पंखाच्या कडेला कुठं पोचा होता, तोही सांगितला. दर वेळी चढायच्या आधी भोवती फिरून हात लावायचा म्हणे सगळीकडे.

मला माहीत नव्हतं हे. मी सकाळी डबा द्यायची आणि तो गेला की क्वार्टरच्या गच्चीवर जायची. आवाज यायचा, मग एक ठिपका, मग तोही नाही. परत येईस्तोवर मी कपडे वाळत घालायची, काढायची, पुन्हा घालायची. मनात म्हणायची, हा जमिनीवर कधी येईल आणि माझ्याशी कधी बोलेल.

आता जमिनीवर आहे. बोलतोही. झाकणांबद्दल, पत्र्याबद्दल, तेलाबद्दल. आज ऑफिसात काय झालं, मी दुपारी जेवले का, एसटीत उभी राहून आले का — हे कधी नाही. मी शेजारी बसलेली असते आणि मला त्याची आठवण येते.

१४ मे

ऊन. प्लास्टिक मऊ पडतं, सुई रुतते. काम बंद.

परसात बाज टाकून बसलो होतो तर फार उंचावरून एक विमान गेलं. साधं, प्रवासी. नागपूरहून असेल. मी वर पाहिलं, शेजारची पोरं ओरडली. नयन उठला आणि घरात गेला. दार लोटून घेतलं.

किती ओढ असेल त्याला. बघवतही नाही.

माझी ओढ त्याच्याकडे, त्याची वर.

४ जून, रविवार

सरकारी पाहणी चालू आहे घरोघर. एक तरुण बाई आली, अपेक्षा नाव सांगितलं, घामाघूम झालेली. ओसरीत बसवलं, पाणी दिलं. तिनं विचारायला सुरुवात केली. जमीन किती, पीक काय, लग्नाच्या मुली किती. मग सरळ वाचत गेली — घरात कुणी गप्प-गप्प राहतं का? जेवण कमी झालंय का? झोप लागत नाही असं कुणी आहे का?

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

"कोनी नाही," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरी सगळे बोलतात."

बाई पुढच्या घरी गेली. सासूबाई तिथंच बसून राहिल्या, पदराची गाठ सोडत, बांधत. मी शेजारी बसले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुह्याशी तरी बोलते का तो, पोरी? खरं सांग."

"बोलतो, आई."

"काय बोलते?"

काय सांगणार. म्हटलं, "सगळं."

२ जुलै

पेरण्या झाल्या. नयन नानाजींसोबत वावरात गेला होता, पहिल्यांदा. पाठ दुखली नाही म्हणाला. पायाला चिखल, कपाळाला घाम, भाकर मागून घेतली. सासूबाईंनी ब्लेड ट्रंकेतून काढून फळीवर ठेवली. मी पाहिलं, त्यांनी पाहिलं मी पाहिलं ते.

रंगही झाला विमानाचा. आधी करडा अस्तराचा हात. त्यातून राहिलेले ओरखडे दिसतात, ते बुजवले. मग वरचा रंग पातळ करून, दोन हात, दाट दिला तर रेघा भरून जातात. शेवटी काळं पाणी सोडलं खाचांतून, वरचं पुसून घेतलं. काय दिसतंय! एक रेघ अशी नाही की जी माझ्या हाताखालून गेली नाही.

डब्यात वैमानिकाची बोटाएवढी बाहुली होती. "ही बसवू का?" मी विचारलं.

"नको."

"रिकामं दिसेल."

"रिकामंच राहू दे."

मी काच लावून टाकली.

१६ जुलै

हवाई दलाचं बोलावणं आलं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात बंगळूरला मेडिकल बोर्ड. लढाऊ विमान आता शक्य नाही, ते आधीच सांगितलंय. त्याला वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची असते, मणके पुन्हा तो धक्का घेणार नाहीत. पण मालवाहू विमानांसाठी पास करू शकतात.

घरात वारं शिरल्यासारखं झालंय. नानाजी पानठेल्यावर सांगून आले. यवतमाळहून माझे बाबा आले, नीळकंठराव, कलेक्टर कचेरीतून रिटायर झाल्यापासून कुठं निघत नाहीत ते. नयनच्या पाठीवर जपून हात ठेवला. "जावईबापू, पुन्हा वर जाल बघा तुम्ही. माझं मन सांगतं."

नयन हसला. पाहुण्यांसमोर हसतात तसं.

मीही म्हटलं रात्री, "होईल तुझं. पुन्हा उडशील."

माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी म्हणेल असं वाटलं. "हो का," एवढंच म्हणाला, आणि कूस बदलली.

खरं म्हणजे मला म्हणायचं होतं, नको जाऊ. पण ते कसं म्हणणार. त्याचं सगळं तिथं आहे.

३० जुलै

पुन्हा गप्प झालाय. सासूबाई म्हणतात, परीक्षा आहे ना, म्हणून. नानाजी म्हणतात, बारावीच्या वेळीही असाच होता.

जेवणात लक्ष नाही. काल विमान उचलून कपाटाच्या वर, मागच्या बाजूला ठेवून दिलं त्यानं. धूळ बसेल म्हणाला.

एवढी इच्छा असते का माणसाला कशाची? असते. मला माहीत आहे असते.

१३ ऑगस्ट

त्याच्या शर्टांना इस्त्री केली. युनिफॉर्मही काढला. कॉलर सैल होतेय. बटणं घट्ट केली. तो खिडकीत उभा राहून वावराकडे जाणारा रस्ता बघत होता. कपाशी चांगली उठलीय ह्या वर्षी.

"काही हवंय का आणखी सोबत?" मी विचारलं.

"नाही."

"मी येऊ का? रजा टाकते."

"नको. कायले." मग जरा वेळानं, "तुझं ऑफिस."

माझ्या ऑफिसची त्याला आठवण झाली, तीही मला नेऊ नये म्हणून.

१७ ऑगस्ट

गेला. नागपूरपर्यंत नानाजी सोबत गेले, पुढं रेल्वे. अंगणात सासूबाईंनी दही दिलं हातावर. मी फाटकापर्यंत. त्यानं बॅग खांद्यावर घेतली, म्हणाला, "येतो." जातो म्हणायचं नसतं, म्हणून येतो म्हणतात. तरी मी ते शब्द घेऊन दिवसभर फिरले.

२० ऑगस्ट

काल फोन आला होता. सासूबाईंशी बोलला. पोचलो, तपासण्या चालू आहेत, जेवण बरं आहे. मी तेव्हा एसटीत.

"माझ्याबद्दल काही?" विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

आतली खोली आवरली. त्याच्या उशीची खोळ धुवायला काढली आणि पुन्हा तशीच चढवली.

२३ ऑगस्ट, पोळा

पास झाला!

दुपारी फोन आला. नानाजी बैलांच्या शिंगांना रंग देत होते, तसाच रंगाचा हात घेऊन धावले, रिसीव्हर लाल झाला. मालवाहू विमानांसाठी पास. थोडे दिवस घरी, मग ट्रेनिंगला जायचं. शनिवारी येतो म्हणाला. नानाजींनी बैलांच्या आधी गावाला पेढे वाटले. सासूबाई देवापुढं बसल्या त्या उठेनात. भावसिंग आला, "साहेब पुन्हा उडणार म्हणते?" म्हणून मला हात जोडले, जसं काही मीच केलं.

मीही पेढा खाल्ला. सगळ्यांना दिला. मग मोरीत गेले आणि बादलीत पाणी सोडून बसले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

ऑफिस सुटलं, फाटकाबाहेर आले तर झेरॉक्सच्या दुकानाजवळ नयन उभा. पायाशी बॅग. उद्या येणार होता.

"इथं कसा?"

"सरळ आलो. घरी नाही गेलो अजून. चहा पिऊ."

स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. कप हातात नुसता फिरवत होता. मी सांगत होते — नानाजींनी पेढे वाटले, माझे बाबा रविवारी येणार आहेत, सगळे वाट बघतायत.

"भैरवी, मले नाही जायचं."

मला वाटलं, घरी.

"वर," तो म्हणाला. "त्या दिवसापासून भीती वाटते मले. पास झालो म्हणून सांगतलं त्यांनी, तर तिथंच पायरीवर बसून राह्यलो. सगळ्यांले वाटते मले उडायचंय. कोनालेच नाही सांगतलं. तुले सांगून राह्यलो."

बाभुळगावची गाडी लागली. कंडक्टर हाका मारत होता. मी माझी खुर्ची त्याच्या बाजूला ओढून घेतली. गाडी गेली. पोऱ्याला आणखी दोन चहा सांगितले.